पोरीच्या घरचं पाणी

माझ्या बापाला घाम फार यायचा. उन्हाळ्यात तर यायचाच, पण पुसाच्या थंडीत धानाची पोती उचलली तरी कपाळावर थेंब उभे राहायचे. शेतातून आला की सदरा काढून अंगणातल्या दोरीवर टाकायचा, आणि वाळल्यावर त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटलेले असायचे. माय तो सदरा झटकायची आणि म्हणायची, "ह्यांचा सदरा पान्यात बुडवला त वरनात मीठ टाकाचं काम नाही." बापही कमी नव्हता. "कामाच्या मानसाले घाम येते. तुह्या भावासारखा पारावर बसून पत्ते कुटले असते, त मीबी कोरडाच राहिलो असतो." मामाचं नाव निघालं की माय गप्प व्हायची आणि बाप मिशीवरून हात फिरवायचा. हा आमच्या घरातला रोजचा खेळ होता. आम्ही पोरी त्याला बाबा म्हणायचो. पण आता या वयात लिहायला बसले की हातून 'बाप'च निघतं, आणि तेच मला खरं वाटतं.

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव, तलावाच्या पाळीला लागून. घर मातीचं, वर कवेलू. वैशाखात दुपारी ते कवेलू तापले की डोक्यावर बारीक टिकटिक चालू व्हायची, कोणी नखानं वाजवत बसल्यासारखी. बाकी गावात आवाज नसायचा. कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडायची. त्या दिवसांत आमच्या घरचं सगळं काम उजाडायच्या आत आणि ऊन उतरल्यावर. सकाळी रात्रीचा पाण्यात घातलेला भात, त्यात मीठ, वर हातानं फोडलेला कांदा. हा भात पोटात असल्याशिवाय माय कोणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. चुलीच्या राखेत कैऱ्या भाजायला टाकलेल्या असायच्या; त्यांचा गर गुळात आणि मिठात कालवून पन्हं व्हायचं, आणि ते पोटभर प्यायल्याशिवाय दुपारची झोप नसायची. आंबील वेगळी. दाराला ओलं पोतं टांगलेलं. बाप त्या पोत्याशेजारी उघड्या अंगानं झोपायचा आणि घोरायचा, आणि ताई हळूच म्हणायची, "कुंदे, आयक, तलावावरची म्हैस आली." मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो.

हे एवढ्यासाठी सांगते की माझा बाप उन्हाच्या बाबतीत अडाणी नव्हता. डोकं जड झालं, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मळमळायला लागलं, की काम टाकून सावली धरायची, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, अंग ओलं करायचं. हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. आता माझा नातू मोबाईल माझ्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "आजी, उष्माघाताचा अलर्ट आला, बाहेर जाऊ नको." मी म्हणते, बाबू, ठेव तो डबा तिकडे. तुझ्या मोबाईलला जे आज कळलं ते माझ्या बापाला दूध पीत होता तेव्हापासून माहीत होतं. माहीत असून माणूस कसा जातो, ते तुझा मोबाईल सांगत असेल तर सांग.

ताईचं नाव शेवंता. माझ्याहून बरीच मोठी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिचं लग्न पवनीकडच्या एका गावात झालं. सासरे आधीच गेलेले, घरात सासूबाई आणि भाऊजी, बस. माणसं चांगली होती. ताईच्या सासूबाईंना तर मी आजही नावं ठेवणार नाही. पण लग्न लागलं आणि त्या घरचं पाणी माझ्या आईबापाला बंद झालं. आमच्याकडे रीतच तशी. पोरगी दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. दान दिलेल्या घरचं परत घ्यायचं नाही, असं म्हणायचे. बरेच लोक जेवणापुरतं पाळायचे आणि पाणी पिऊन मोकळे व्हायचे. माझा बाप तसला नव्हता. त्याच्या बापानं तर पोरीच्या गावच्या शिवेतलं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं, आणि याला त्याचा मोठा अभिमान. ताईकडे जायचं झालं की माय छागल भरायची. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्यावर टांगली की पाणी गार राहतं. ती आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यानं भरून बाप निघायचा, ताईच्या ओसरीवर बसून स्वतःचं पाणी स्वतः प्यायचा, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मला धाकट्या बहिणीला मात्र ही रीत लागू नव्हती. मी तिकडे गेले की पोट फुटेपर्यंत खायची.

लग्नाला वर्ष झालं आणि ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा सरला की आणायचं ठरलं, आणि बाप मला घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेला गरोदर पोरीला घराबाहेर काढत नाहीत, म्हणून आजच जायचं आणि आजच संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन फिरायचं, असा बापाचा हिशेब. माय म्हणाली, "दोन दिवसानं जा ना जी. कसं ऊन तापून राहिलं." बाप म्हणाला, "पोरगी वाट पाहून राहिली असन. तू छागल भर." पोरीकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून खांद्यावर नव्या तांदळाचं बोचकं, त्यात मायनं केलेले पापड आणि पाडाचे आंबे. मायनं दोघांना भात खाऊ घातला आणि फाटकापर्यंत सोडायला आली. बाप वळून म्हणाला, "कैऱ्या भाजून ठेवजो, येतोच."

भंडाऱ्याला गाडी बदलून पवनीच्या गाडीत बसलो, आणि अर्ध्या वाटेत ती गाडी बंद पडली. ड्रायव्हर आणि कंडक्टर तिच्याखाली शिरले. आम्ही सगळे उतारू रस्त्याकाठच्या मोहाखाली येऊन बसलो. मोहाला पालवी फुटत होती पण सावली कुठली, नुसती जाळी. एका बाईच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं, ते रडून रडून निळं पडायला आलं होतं. बाप उठला आणि छागल तिच्यापुढे धरली. "घे बाई, घरचं पानी हाय, गार हाय. आंधी तू पी, मंग लेकराचं आंग पूस." मग एक म्हातारा, मग आणखी कोणी. तहानलेल्या माणसासमोर छागल बांधून बसेल असा तो नव्हता. मलाही त्यानं प्यायला लावलं. गाडी दुरुस्त होऊन निघाली तेव्हा पिशवी चपटी झाली होती, आणि सूर्य डोक्यावर आला होता.

ताईच्या गावच्या फाट्यावर उतरलो. तिथून गाव दिसायचं, पण वाट सगळी कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांतून, एक झाड नाही. फाट्यावर हातपंप होता. मी तोंड लावून प्यायले, डोक्यावर पाणी घेतलं. "बाबा, प्या ना." तो म्हणाला, "शीव लागली, कुंदे." मी म्हटलं, "इथं कोन पाहून राहिलं?" त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पंपाचा दांडा सोडला. दुपट्टा तेवढा त्यानं ओला केला आणि डोक्याला बांधला. बोचकं खांद्यावर घेतलं आणि निघाला. लू अशी वाहत होती की तो दुपट्टा दुसऱ्या बांधीपर्यंत वाळून कडक झाला. अर्ध्या वाटेवर त्यानं बोचकं खाली ठेवलं आणि पोटरी दाबत उभा राहिला. मी म्हटलं, "मी घेतो बोचकं." तो म्हणाला, "चाल, आलंच गाव." त्याची चाल जरा तिरपी पडत होती. मला वाटलं, ओझ्यानं पडत असेल.

ओसरीवर पोचलो. सासूबाईंनी रीतीप्रमाणे लोटाभर पाणी आणि गूळ समोर ठेवला. बापानं लोट्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "नातू आला का पितो, इहीणबाई. तवा दोन लोटे मांडजा." ताई आतून आली. पोट पुढं, चेहरा भरलेला, फार सुरेख दिसत होती. तिनं रिकामी छागल पाहिली. "बाबा, तुमची छागल त सुकली. घोटभर तरी प्या." "हट." "मी कोनाले सांगत नाही." "देवाले दिसते ना, पगली." ताई माझ्याकडे बघून डोळे मोठे करून आत गेली. तिचं म्हणणं, बाप थोडा वेळ टेकेल, ऊन उतरेल, मग शिवेबाहेर जाऊन पिऊ दे काय प्यायचं ते. भाऊजी तेंदूपत्त्याच्या कामावर जंगलात गेले होते, ते संध्याकाळी यायचे होते. बापानं खांबाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मी आत जाऊन पन्हं पीत बसले.

थोड्या वेळानं बाहेरून त्याचा आवाज आला. "सर्ज्याले पानी दाखवलं का नाही?" सर्जा आमचा बैल. तो त्याच्या आदल्या साली मेला होता. मी बाहेर आले तर बाप सासूबाईंकडे बोट दाखवून मला विचारतो, "ही बाई कोन होय? माह्या घरात काहून आली?" सासूबाईंचा चेहरा पडला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इवाई रुसले वाटते. पोराले घरी राहाले सांगतलं होतं मी. सासरा येनार आन् जवाई जंगलात! मानूस रुसन नाही त काय?" आणि त्यांनी लगबगीनं शेजारच्या पोराला भाऊजींना बोलवायला पिटाळलं, देवघरातून कुंकू आणलं, इवायाची, म्हणजे व्याह्यांची, समजूत काढायला दोन शेजारणींना बोलावलं. कोणाच्या मनात पाप नव्हतं. लग्नाच्या नात्यात मानपान इतकं मुरलेलं, की माणूस मरणाच्या वाटेवर बरळत होता आणि साऱ्या ओसरीला वाटलं, तो रागावला आहे. मी आजही कोणी उन्हातून येऊन वेडंवाकडं बोलायला लागला, उगाच चिडला, आपल्याच माणसाला ओळखेना झाला, की आधी त्याच्या अंगाला हात लावते. दारू प्यायला, रुसला, रडून भानावर नाही, हे सगळं मागून ठरवा म्हणते. आधी हात लावा.

बाप उठला. उठला आणि घरात यायचं सोडून भर उन्हात अंगणात चालत निघाला, तोल गेला, आणि तुळशीपाशी बसकण मारली. ताई धावली. त्याला धरायला तिनं त्याच्या मानेखाली हात घातला आणि जागच्या जागी थांबली. मग तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, सदऱ्यात घालून छातीला लावला. "कुंदे," ती ओरडली, "बाबाले घाम नाही!" मी हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक. मी जन्मात माझ्या बापाचं अंग कोरडं पाहिलं नव्हतं.

त्याला उचलून ओसरीवर आणला. आणि मग जो तो शहाणा झाला. एका म्हातारीनं काशाची वाटी आणली, त्याच्या तळपायाला तूप लावलं आणि वाटी घासायला बसली. वाटी काळी पडायला लागली तशी ती सगळ्यांना दाखवायची, "पाहा, पाहा कसं ऊन निघून राहिलं!" बापाचं अंग झटके द्यायला लागलं, तर कोणी म्हणालं थंडी भरली, आणि त्या आगीत त्याच्यावर चादर टाकली. ताई लोटा घेऊन त्याच्या तोंडाशी बसली. "बाबा, प्या. बाबा, माह्यासाठी प्या." त्याचे दात घट्ट मिटलेले. पाणी ओठांवरून ओघळून मानेवर गेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ती झटक्यांनी दातखीळ बसली होती, आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचंच नसतं, ते फुप्फुसात उतरतं. पण ताईला कोण सांगणार? ताई मरेपर्यंत म्हणत राहिली, बाबानं दात मिटले ते माझं पाणी नको म्हणून मिटले.

ती एकदम उठली. तिनं चादर ओढून फेकली आणि म्हणाली, "सर्ज्याले नांगरावर ऊन लागलं होतं तवा बाबानं काय केलं होतं? कुंदे, गुंड आन." दाराशी पाण्यानं भरलेला पितळी गुंड होता. मी उचलला, तर शेजारच्या एका आजोबांनी माझा हात धरला. "ए पोरी, तापल्या आंगावर पानी टाकू नोको, लकवा मारते मानसाले." दोघीतिघी शेजारणीही म्हणाल्या, खरं आहे, एकदम पाणी वाईट. ताई म्हणाली, "बैलाले नाही मारला त बापाले कायले मारन? सोडा तिचा हात!" आजोबांनी सोडला नाही. वाद सुरू झाला. बाप पायाशी पडला आहे, पाणी हातात आहे, आणि त्याच्यावर ते घालावं की नाही याची पंचायत भरली आहे. अजून हे लिहिताना माझा जीव संतापानं भरून येतो. बाईमाणसांची ती बडबड, त्या म्हाताऱ्याची ती थंड बोटं माझ्या मनगटावर. शेवटी सासूबाई पुढं आल्या. इतका वेळ त्या दाराला धरून रडत होत्या. त्यांनी माझ्या हातातला गुंड घेतला आणि सगळाच्या सगळा आपल्या इवायाच्या अंगावर उपडा केला.

मग मात्र आम्ही थांबलो नाही. सदरा काढला, लुगडी भिजवून काखेत, मानेत, मांड्यांत ठेवली. ताई एवढ्या पोटानिशी एक सूप घेऊन आणि मी दुसरं घेऊन दोन्ही बाजूंनी वारा घालत होतो. पाणी टाकायचं आणि वारा घालायचा. झटके कमी झाले. एकदा त्यानं डोळे उघडले आणि ताईकडे पाहिलं, ओळखून पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही. भाऊजी अजून जंगलातून आले नव्हते; शेजारच्या कोणी छकडा जुंपला. पवनीच्या दवाखान्यापर्यंत आम्ही त्याच्यावर घागरीतलं पाणी शिंपडत गेलो. तिथं बर्फ लावला, सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होते, भले होते. ताईला म्हणाले, "जे केलंत ते बरोबर केलंत. तेच जरा आधी व्हायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी उजाडताना बाप गेला. ती अवस होती.

टेम्पोतून त्याला गावी आणलं. मायनं काय केलं, कशी रडली, ते मी लिहिणार नाही. ते तिचं होतं. अंगणात त्याला ठेवलं. उचलायच्या आधी आमच्याकडे शेवटचं पाणी पाजतात. एकेक जण येतो आणि तुळशीच्या पानानं ओठांवर पाणी सोडतो. माय झाली, मी झाले, भावकी झाली. मग मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, म्हणाले, "शेवंता, ये. बापाले पानी पाज." ताई उठली नाही. मोठेबाबा पुन्हा म्हणाले. तेव्हा ती जिथं बसली होती तिथूनच म्हणाली, "आता चालते का, मोठेबाबा?" मोठेबाबांनी तुळशीचं पान तिच्याकडे धरलं. "काल भरला लोटा घेऊन बसली होती मी. काल चालत नव्हतं. आज कसं चालते? मेल्यावर पोरीचं पानी गोड होते का?" एक म्हातारी "चूप, चूप पोरी" म्हणाली. ताई आली, तिनं पान घेतलं, पाणी सोडलं. ओठ मिटलेले होते, पाणी याही वेळी बाजूनंच ओघळलं. माय रडायची थांबून ताईकडे पाहत होती. फार वेळ पाहत होती.

भरल्या पोटाच्या बाईला सुतकाच्या घरी ठेवायचं नाही म्हणून ताईला तिच्या सासूबाई परत घेऊन गेल्या. तेरवी झाली. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, लागला. मग प्रश्न आला की ताईला बाळंतपणाला आणायला कोण जाणार. मोठेबाबा म्हणाले, "मी जातो." माय म्हणाली, "मी जातो." मोठीआई म्हणाली, "असं कसं? कपाळ पुसलेल्या बाईनं पयल्या खेपेले आनाले जाऊ नाही." माय भांडणारी बाई नव्हती. जन्मभर सगळ्या रीती तिनं खाली मान घालून पाळल्या, आणि बापाची छागल तिनंच प्रत्येक वेळी भरून दिली होती. ती एवढंच म्हणाली, "मी माय होय तिची," आणि सकाळच्या तयारीला लागली.

अंधारातच निघालो. भात खाऊन, छागल भरून, ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन. माय वाटेत सारखी मला प्यायला लावत होती आणि स्वतःही घोट घोट पीत होती. ऊन चढायच्या आत आम्ही फाट्यावर उतरलो, आणि त्या बांध्यांतून चालताना ती एकदाच म्हणाली, "इथूनच आले होते का?" मी हो म्हटलं. ताईच्या ओसरीपाशी पोचलो तेव्हा कोवळंच ऊन होतं आणि छागल अर्धी भरलेली होती. हे मी मुद्दाम सांगते. मायला तहान नव्हती.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात लोटा नव्हता. पाणी पुढं करायचं त्यांना धाडस झालं नाही, आणि न करताही राहवेना. नुसत्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. ताई त्यांच्या मागं. माय बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "इहीणबाई, पानी द्या." सासूबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईनं आपल्या पोटावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "माय, अजून लेकरू झालं नाही." माय म्हणाली, "मले दिसते. तू आन."

ताईनं लोटा आणला. मायनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत उभ्या उभ्या प्यायली. मधे थांबली नाही. तिच्या घशाचा आवाज मला ऐकू येत होता. लोटा रिकामा झाला तसा तिनं तो पालथा करून पाहिला आणि ताईपुढं धरला.

"आनखी दे," माय म्हणाली. "तुह्या बापाच्या वाट्याचं राहिलं हाय."